बाईंना तहान लागत नाही

अक्का, मी हिमालयात जाऊन आले. आधी हसून घे. तुळजापूरच्या देवळात पायऱ्या उतरताना जी बाई भिंत सोडत नाही ती बर्फाच्या डोंगरावर चालली, म्हणून इथं सगळ्यांनी पोटभर हसून घेतलंय, तर तूच का मागं राहावंस. तुझे जावई तर निघायच्या सकाळी माझ्या गुडघ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "देवांनो, परत या." हसून झालं की मात्र ऐक. घरात मी सगळ्यांना सांगितलंय की लई मजा आली, आणि ते खोटं आहे. मला भीती वाटली. पहिल्या दिवशी बूट बांधले तेव्हापासून वाटली, आणि घरी येऊन बॅगा आवरून झाल्या तरी अजून गेलेली नाही. ती कसली भीती होती हे मला तिथं वर कळलं, आणि ते तुझ्याशिवाय सांगावं असं दुसरं माणूस नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली की मी आता तुझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. तरी अक्का म्हटलं की मी चौथीतली होते. घरात सगळेच तुला अक्का म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे, आई कधी म्हटलंच नाही.

निवृत्त झाल्यावर मी सकाळी फिरायला जायला लागले. मैदानावर आमचा एक गट जमला. त्यात कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब आहेत, त्यांना दर वर्षी काहीतरी नवं खूळ लागतं. या वर्षी ते हिमालयाचं लागलं. आणि दुसरी एक आहे, तिला सगळे सिस्टर म्हणतात. सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स होती, माहेर ढोकीचं, तोंड असं की डॉक्टरसुद्धा तिच्या वाटेला जायचे नाहीत. ती मला म्हणाली, "बाई, घरात बसून गुडघे दुखवायचे, त्यापरीस डोंगरात दुखवू." गुडघ्याच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की झिजलेत, सपाटीवर चाला, उकिडवं बसू नका. मी त्यातलं 'चाला' तेवढं साहेबांच्या गटाला सांगितलं. दुरून डोंगर साजरे हे मी मुलांना किती वर्षं शिकवलं असेल, पण म्हण शिकवणारीला लागू होत नाही असा माझा समज असावा.

तिथं आमचा लीडर होता तिथलाच एक पहाडी माणूस, चाळिशीचा, शांत. पहिल्याच संध्याकाळी त्यानं सगळ्यांना गोल बसवून सांगितलं की वर हवा विरळ असते, चढताना तहान कळत नाही, म्हणून तहान नसली तरी दिवसभर पाणी प्यायचं. दोन बाटल्या सकाळी भरायच्या, संध्याकाळपर्यंत संपवायच्या, वाटेत झरा लागला की परत भरायच्या. पाणी प्यायलं नाही की डोकं दुखतं, मग उलट्या, मग माणूस काय बोलतो त्याचं त्यालाच कळत नाही. ऐकून मी घाबरले, पण तो म्हणतो त्या आजाराला नव्हे. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की एवढं पाणी प्यायचं तर जायचं कुठं?

मुक्कामाच्या जागी एक उभा तंबू असायचा, माणूस मावेल न मावेल एवढा, चेन लावायची, आत जमिनीत खड्डा. सकाळी एकदा मी त्यात गेले. बसता बसले, पण उठता येईना. घरी कमोड आहे, भिंतीला दांडी बसवून घेतलीय. इथं धरायला तंबूचं कापड. बाहेर गटातली माणसं दात घासतायत, साहेब कुणाला तरी मोठ्यानं हवामान सांगतायत, आणि मी आत गुडघ्यावर हात रोवून घामाघूम. कशीबशी उठले. आणि हे झालं मुक्कामाचं. दिवसा वाटेवर तर तेही नाही. झाडं खालीच संपतात. वर नुसतं गवत आणि दगड, मैलभरावरचा माणूस दिसतो, आणि पुढंमागं आपलीच माणसं, त्यातली निम्मी पुरुष. दुसऱ्या दिवसापासून मी पाणी प्यायचं सोडलं.

लीडर विचारायचा, "दीदी, पानी पिया?" मी म्हणायचे, "पिया, पिया." आता यातली खरी गंमत ऐक. दुसरी एखादी असती तर तिनं बाटल्या कुठं तरी दगडाआड ओतून दिल्या असत्या आणि ओझं कमी केलं असतं. मला ते जमेना. आपल्याकडची मी. टँकरच्या मागं घागरी घेऊन पळालेली. बाटली वाकडी केली तर हात पुढं जाईना, चांगलं पिण्याचं पाणी मातीत कसं ओतायचं? बाजूनं ओढा खळाळतोय, डोंगरभर पाणीच पाणी, तरी धजेना. म्हणून मी दोन्ही भरलेल्या बाटल्या पाठीवर घेऊन, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी, दिवसभर डोंगर चढायचे आणि संध्याकाळी स्वयंपाकाच्या तंबूत जाऊन ते पाणी आचाऱ्याच्या पातेल्यात ओतायचे. तो बिचारा समजायचा, दीदी मदत करतायत.

तू काय करायचीस ते मला तेव्हा आठवायला हवं होतं, पण नाही आठवलं. बेंबळीहून निघून शेतातल्या वाटेनं आपण दोघी त्या वस्तीवरच्या शाळेत जायचो, तू शिकवायला आणि मी शिकायला. तुझ्या पिशवीत फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या असायचा, काठोकाठ भरलेला. शाळा म्हणजे एक खोली, बाहेर लिंबाचं झाड, पुढं उघडं रान. पोरं पाणी प्यायची, रानात पळायची, मीही पळायचे. तू सकाळपासून उभी. पाढे म्हणवून घ्यायचीस, ओरडायचीस, गाणी म्हणायचीस, उन्हाळ्यात पत्रा तापायचा, आणि तांब्याची फिरकी काही तू उघडायची नाहीस. पोरं आपसात म्हणायची, आपल्या बाईंना तहान लागत नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता. वस्तीवरल्या म्हाताऱ्या बाया आल्या तरी म्हणायच्या, "मास्तरीण लई सोशिक हाय." संध्याकाळी आपण घरी येतो, तू चपला काढतेस, तांब्यातलं ते गरम झालेलं पाणी तुळशीला घालतेस, मागच्या दाराला जाऊन येतेस, आणि मग घागरीपाशी उभ्यानं पाणी पीत राहतेस. गळ्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी शेजारी उभी राहून बघते आणि मला वाटतं, आता लागली तहान.

मलाही तू नोकरीला लागताना तसाच तांब्या दिलास. मी शहरातल्या शाळेत लागले, तिथं बायकांना संडास होता, पण दाराला कडी नव्हती. मी तांब्या भरून न्यायचे आणि भरलेला आणायचे. कुणी शिकवलं नाही, आपोआप आलं.

तर डोंगरावर. खिंड ओलांडायच्या दिवशी पहाटेच निघालो. आदल्या दिवसापासूनच माझं डोकं ठणकत होतं, पण सांगितलं तर लीडर खाली पाठवेल, आणि एकटीला खाली घेऊन जायला एक माणूस मोडेल, सगळ्यांचा खोळंबा होईल, या भीतीनं मी तोंड उघडलं नाही. बोटाला चिमटा लावून तो ऑक्सिजन बघायचा तेव्हा मी हात चोळून गरम करून पुढं करायचे, परीक्षेला बसल्यासारखी. खिंडीत पोचल्यावर सगळ्यांनी फोटो काढले. त्या फोटोत मी हसतेय. मला ते काही आठवत नाही. एवढंच आठवतं की पलीकडं बघितलं आणि मी काठी दोन्ही हातांनी धरली. चढ संपला होता, आता सगळा उतार. सुट्या दगडांचा, पाय टाकला की सरकणारा, खाली कुठं संपतो ते दिसत नाही. चढण दमवते, पण गुडघ्यांचा जीव घेतो तो उतार.

थोडं उतरले आणि पोटऱ्यांत गोळे आले. दोन्ही. मी मटकन खाली बसले. गट पुढं गेला होता, मागं सिस्टर आणि लीडर. डोकं असं ठणकत होतं की डोळे उघडवेनात. लीडर हिंदीत काही विचारत होता आणि मी त्याला मराठीत सांगत होते की शाळेची वेळ झाली, मला जाऊ द्या. हे मला नंतर सिस्टरनं सांगितलं. मला आठवतेय ती फक्त भीती. मरायची भीती म्हणतात ती हीच का, मला माहीत नाही. आपण इथं या दगडांत पडून राहू आणि आपल्याला उचलायला माणसं लागतील, परकी माणसं, याची भीती.

सिस्टरनं माझी सॅक स्वतःकडं घ्यायला उचलली आणि म्हणाली, "बाई, यात दगडं भरली का काय?" चेन उघडली. दोन बाटल्या, गळ्यापर्यंत भरलेल्या. तिनं एक बाहेर काढली, उन्हात धरली, परत माझ्याकडं बघितलं. "सकाळधरनं?" मी मान हलवली. "काल?" मी चेन लावायला हात पुढं केला. "लघवीला कधी गेला हुता?" मला आठवेना. खरंच आठवेना, अक्का.

मग ती जी भडकली. "मरायचंय व्हय तुमाला? म्या उभा जन्म वार्डात काढला. तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्या बायाच लई बघितल्या. मास्तरणी, ग्रामसेविका, कंडक्टरणी. समद्या अशाच, घसा कोरडा ठिवून हिंडायच्या आन मग नळ्या लावून पडायच्या." बोलता बोलता ती पाण्यात मीठ-साखरेची पुडी कालवत होती. बाटली माझ्या तोंडाला लावली. मी दात आवळून धरले आणि एकदम रडायला लागले. म्हटलं, "पिईन, पण मग लागली तर? कुठं जाऊ? इथं आडोसा कुठाय?"

ती माझ्यापुढं उकिडवी बसली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आडोसा? म्या हाय की."

तेव्हा मला सोनारी आठवली. तुलाही आठवत असेल. आपण चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेहून एसटीनं परत येत होतो. माकडांनी तुझ्या हातातला नारळ पळवला म्हणून मी हसून बेजार. यात्रेत भेटलेल्या मावशीनं रसवंतीवर मला उसाचा रस पाजलेला, एकावर एक. बस खच्चून भरलेली. अर्ध्या वाटेत मी तुला म्हटलं, अक्का, मला लागली. तू म्हणालीस, दाब. मी दाबली. मग दाबवेचना, मी रडायला लागले, आणि तू गर्दीतून वाट काढत कंडक्टरपर्यंत गेलीस. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. बस थांबली ती उघड्या माळावर, एक झुडूप नाही. आपण उतरलो. खिडक्याखिडक्यांतून डोकी. कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळी बस हसली. तुझ्या डोक्यावरचा पदर मी कधी ढळलेला बघितला नव्हता. तू तो खांद्यावरून सोडलास, दोन्ही हातांनी पसरलास, आणि बसकडं पाठ करून माझ्यापुढं उभी राहिलीस. म्हणालीस, "बस." मी खाली बसून वर बघत होते. तुझे हात थरथरत होते. मला वाटलं, तू माझ्यावर रागावलीस. बसमध्ये चढताना तू माझा दंड असा चिमटलास की काळानिळा डाग उठला, आणि कानाशी म्हणालीस, "बाईमाणसानं घरातून निघताना घसा कोरडा ठेवावा. आज आडोशाला मी हाय. उद्या कोण?"

सिस्टरनं अंगावरची शाल काढली. लीडरला म्हणाली, "भैया, उधर मुँह करके बैठो." तो पुढच्या दगडावर जाऊन पाठमोरा बसला आणि मोठ्यानं काहीतरी पहाडी गाणं गुणगुणायला लागला, म्हणजे तो तिथंच आहे आणि वळणार नाही हे मला कळावं. ती बाटली मी संपवली, मग दुसरीतलीही निम्मी, आणि तशीच वाट बघत बसले. बऱ्याच वेळानं सिस्टरनं शाल पसरली. वारा एवढा होता की शाल फडफडत होती आणि तिचे हात थरथरत होते. ती माझ्यावर रागावलेली नव्हती. तिला भीती वाटत होती, मी हातची जाते की काय याची. आणि अक्का, तिच्या हातांकडं खालून बघताना मला तुझे हात कळले. तू घाबरली होतीस. त्या माळावर, त्या हसणाऱ्या बससमोर तू नखशिखांत घाबरलेली होतीस. आणि एकट्या त्या दिवशीच असं नाही. शाळेत रोज, लिंबाखाली, उघड्या रानासमोर, तांब्या भरलेला ठेवून तू रोज घाबरलेलीच असायचीस. आम्ही पोरं त्याला सोशिकपणा म्हणत होतो.

जे आलं ते काळ्या चहासारखं होतं. सिस्टरनं बघितलं आणि तिचा चेहरा पडला. मला म्हणाली, "आता थांबायचं न्हाय. पीत पीत उतरायचं." मला उठता येईना, तर तिनं काखेत हात घालून उठवलं.

उतरताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, फक्त सोलापूरच्या दवाखान्यातली तू. सुजलेला चेहरा, अंगठी कापून काढावी लागली होती. किडन्या का गेल्या ते डॉक्टरांनी काही नीट सांगितलं नाही, हजार कारणं असतात म्हणाले. पण पाणी मोजून द्यायचं असं बजावलं. दिवसाला एवढंच, वाटीनं. जन्मभर तहान नसलेल्या माझ्या आईला तेव्हा सारखी तहान लागत होती. तू ओठांवरून जीभ फिरवायचीस आणि म्हणायचीस, एक घोट दे गं. मी ओला कापूस ओठांना लावायचे. ती वाटी मला त्या उतारावर पावलापावलाला दिसत होती. एका हातानं काठी, दुसऱ्या हातानं सिस्टरचा खांदा, गुडघा वाकला की ओरडावंसं वाटे, आणि मी प्रत्येक वळणावर थांबून घोट घेत होते. तिला वाटलं असेल, बाई शहाण्या झाल्या. मी घाबरून पीत होते. तिनं आणखी दोनदा शाल पसरली. खाली गवत लागलं, झाडं लागली, डोकं हलकं झालं, तरी माझा हात तिच्या खांद्यावरून निघेना.

इथं आल्यावर सिस्टरनं धरून नेऊन माझं रक्त तपासून घेतलं. ठीक आहे म्हणाले. मैदानावर आमचा सत्कार झाला, साहेबांनी भाषण केलं, बाईंची जिद्द बघा म्हणाले, शाल आणि नारळ दिला. मला दोन शब्द बोलायला लावले. मी जिद्दीवर बोलले. सगळ्यांसमोर आणखी काय बोलणार? समोर सिस्टर बसली होती, तिनं काही तोंड उघडलं नाही, बाई गुणाची आहे.

हे सगळं लिहून झालं आणि आता वाटतं की पत्र कुठं ठेवू नये, फाडून टाकावं. तुझ्यापर्यंत ते जाणार नाहीच, आणि सिस्टरच्या हाती लागलं तर माझी धडगत नाही. कारण एक सांगायचं राहिलंय. परत येताना सोलापूरला गाडीतून उतरून आम्ही धाराशिवची एसटी धरली. स्टँडवर तिनं मला पाण्याची बाटली घेऊन दिली, माझ्याकडं बघत उभी राहिली, मी तिच्यादेखत दोन घोट घेतले. बस भरली. ती पुढं बसली, मला मागं जागा मिळाली, खिडकीशी. बाहेर ऊन, उघडं रान, कुठं झाड नाही. घरी आले, बूट काढले, सॅक उघडली, तर ते दोन घोट सोडून बाटली भरलेलीच होती. मी ती तुळशीला घातली, अक्का, आणि मग आत जाऊन उभ्यानं पाणी प्यायले.